सासूबाईंचे तीन प्रश्न

लग्न न करता सासूबाई झालेल्या जगातल्या एकमेव बाई आमच्या विद्यापीठाच्या संगणक केंद्रात बसतात. तळमजल्यावर, सर्व्हरच्या खोलीला चिकटून एक चिंचोळी खोली आहे, तिथे. सर्व्हरला बारा महिने गारवा लागतो आणि तो भिंतीतून झिरपत यांच्या खोलीत येतो. त्यामुळे भर उन्हाळ्यात, बाहेर माणसं रुमालाने मान पुसत असताना, सासूबाई करडा स्वेटर घालून, नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून बसलेल्या असतात. नवखा माणूस दारातच थबकतो. त्याला वाटतं, आपण चुकून दुसऱ्याच ऋतूत शिरलो.

हे नाव मुलांनी ठेवलंय. तोंडावर सगळे 'मॅडम' म्हणतात, मी 'ताई' म्हणतो, आणि पाठ फिरली की विद्यापीठभर 'सासूबाई'. त्यांना हे माहीत आहे. एकदा कुणीतरी घाईघाईत फोन करून "सासूबाई आहेत का?" असं विचारून बसला. यांनी शांतपणे विचारलं, "बोलतेय. आपण कोण, सूनबाई की जावईबापू?" पलीकडच्याची बोबडी वळली, त्याने फोन ठेवला आणि पुढचा आठवडाभर तो आमच्या इमारतीला वळसा घालून जात होता.

त्यांचं काम सांगायचं तर घर सांभाळायचं. विद्यापीठाची बरीच अ‍ॅप आहेत: प्रवेशाचं, ग्रंथालयाचं, बसच्या वेळांचं, प्रयोगशाळांचं. ही अ‍ॅप फोनवरच्या दुकानात विद्यापीठाच्या नावाने ठेवायची, तर दुकान चालवणाऱ्या कंपनीकडे विद्यापीठाचं खातं लागतं. खातं एकच. त्यात कोणाला आत घ्यायचं, कोणी ओसरीवर थांबायचं, कोणाला थेट स्वयंपाकघरापर्यंत जाऊ द्यायचं आणि कोणी कधी बाहेर पडायचं, हे सासूबाई ठरवतात. त्यांच्या आईला हे काम नीट कळलेलं नाही. लेकीच्या तोंडी सारखं "आज दुकानात नवीन अ‍ॅप ठेवलं" असं ऐकून त्या माउलीने शेजारीपाजारी सांगून ठेवलंय की आमच्या मुलीचं विद्यापीठात दुकान आहे, बरं चालतं.

खात्यात शिरायचं तर आधी सासूबाईंच्या समोरच्या खुर्चीत बसावं लागतं. त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. बसलेला माणूस बोलता बोलता डुलतो. मी एकदा पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, तर दुसऱ्या दिवशी ती गायब. "राहू दे तशी," त्या म्हणाल्या, "डुलणारा माणूस लांबण लावत नाही."

या खुर्चीत बसून भलेभले वाकलेत. एक प्राध्यापक अडून बसले होते की अ‍ॅप मी केलं, तर खातंही माझ्याच नावाचं हवं. सासूबाई म्हणाल्या, "सर, दारावर तुमच्या नावाची पाटी लावू की. मोठ्या अक्षरात लावू. पण घर विद्यापीठाचंच राहणार." सर डुलले, हसले आणि पाटीवर समाधान मानून गेले.

मी केंद्रात हंगामी म्हणून लागलो तेव्हा माझीही पाळी आलीच होती. आमच्या गावच्या शाळेत संगणक एकच, तोही मुख्याध्यापकांच्या खोलीत, फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेला. तपासणीला साहेब आले की कापड निघायचं, साहेब गेले की पुन्हा चढायचं. संगणकाजवळ जायचं तर आधी कुणातरी मोठ्या माणसाची परवानगी लागते, हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं. शहरातली पोरं सासूबाईंच्या खोलीतून दात ओठ खात बाहेर पडायची, मला मात्र शाळेत परत आल्यासारखं वाटलं.

"काय करतं तुझं अ‍ॅप?"

"प्रयोगशाळेतलं कुठलं यंत्र कधी मोकळं आहे ते दाखवतं."

"आणि तू गेल्यावर?"

"मी कुठे जाणार?"

"कुठेही जाशील. दुसरी नोकरी लागेल, लग्न होईल, नाहीतर कंटाळा येईल. अ‍ॅप इथेच राहणार. त्याला खाऊपिऊ कोण घालणार?"

"अ‍ॅपला खायला काय लागतं, ताई?"

"अरे शहाण्या, दरवर्षी नवे फोन येतात, नवे नियम येतात. वर्ष-दोन वर्षं हात लावला नाही की ते आजारी पडतं. मग कंपनी नोटीस धाडते, आणि मग उचलून बाहेर ठेवते. जन्माला घालायला सगळे येतात, दुखण्याखुपण्याला कोणी फिरकत नाही. पालक घेऊन ये."

'पालक' हा त्यांचा स्वतःचा नियम. प्रत्येक अ‍ॅपमागे विद्यापीठात कायम असलेला एक माणूस हवाच. त्यालाही कारण घडलं होतं. एका मुलाने बसच्या वेळांचं झकास अ‍ॅप केलं, सगळं वसतिगृह त्यावर विसंबलं, मुलगा पदवी घेऊन निघून गेला. पुढे बसच्या वेळा बदलल्या, अ‍ॅपमधल्या बदलायला कोणीच नाही. परीक्षेच्या दिवशी अर्धं वसतिगृह थांब्यावर उभं राहून, केव्हाच गेलेल्या बसची वाट पाहत होतं. त्या दिवसापासून बिनपालकाचं अ‍ॅप उंबऱ्याच्या आत नाही.

आता आत घेताना इतकी कडक असलेली बाई बाहेर काढताना काय करत असेल? काम तसं एका बटणाचं. मुलगा विद्यापीठ सोडून गेला की खात्यातून त्याचं नाव उडवायचं, संपलं. पण सासूबाईंनी आजवर एकही नाव फोन केल्याशिवाय उडवलेलं नाही. याला आम्ही 'पाठवणी' म्हणतो. त्या फोन लावतात, आणि तीन प्रश्न विचारतात. आत काही राहिलंय का? तुझ्यामागे कोण बघणार? आणि जेवण वेळेवर होतं ना? तिसऱ्या प्रश्नाचा खात्याशी काय संबंध, असं मी एकदा विचारलं. "उपाशी माणूस पासवर्ड विसरतो," त्या म्हणाल्या. मग बटण दाबायच्या आधी चष्मा काढून पुसतात. दर वेळी पुसतात. काचेवर तेव्हाच धूळ बसते, असं त्यांचं म्हणणं.

एवढ्या शिस्तीच्या घरात एक गोष्ट मात्र साफ बेशिस्त होती, आणि ती सासूबाईंनीच पदराखाली झाकून ठेवली होती.

अशा खात्याला एक मुख्य खातेदार असतो. बाकी सगळे आलेगेले चालतात, पण कंपनीशी करार करायचा तो याच माणसाने. कंपनी दरवर्षी करार बदलते. मुख्य खातेदाराने तो मान्य केला नाही, तर एकाही अ‍ॅपची नवी आवृत्ती दुकानात जात नाही. मान्य करताना त्याच्याच फोनवर आकड्यांचा कोड येतो. आणि हे खातेदारपद दुसऱ्याला द्यायचं, तर तेही त्याने स्वतःच द्यावं लागतं, दुसऱ्या कोणाला काढून घेता येत नाही.

आमचा मुख्य खातेदार निवृत्त झालेला होता. कधीचाच.

ते म्हणजे मोठे सर. संगणक केंद्र त्यांनीच उभं केलं, सासूबाईंना नोकरीवर त्यांनीच घेतलं. खातं उघडायची वेळ आली तेव्हा कुलगुरू म्हणाले होते, "मला यातलं ओ की ठो कळत नाही, तुम्हीच टाका तुमचं नाव." सरांनी टाकलं. सर निवृत्त झाले. नाव बदलायची फाइल निघाली, समिती नेमली गेली, समितीतली माणसंही निवृत्त झाली. केंद्राच्या पुढच्या प्रत्येक संचालकाने विचारलं, "ते खातेदाराचं काय झालं?" आणि प्रत्येकाला सासूबाईंनी सांगितलं, "प्रक्रिया चालू आहे." प्रक्रिया कसली डोंबलाची. घोडं पेंड खात होतं ते सासूबाईंच्या दाव्याला.

कारण साधं होतं. वर्षातून एकदा करार आला की त्या अर्ध्या दिवसाची रजा टाकायच्या, लॅपटॉप आणि बिस्किटांचा पुडा घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला सरांच्या घरी जायच्या. विद्यापीठातून सरांकडे जाणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं, आणि तेवढंच एक काम. ते काम काढून घ्यायचं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या विषयाला हात घालत नव्हत्या.

मग आले नवे संचालक. माणूस वाईट नाही. टेबलावर ठेवलेलं पेनसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर असतं, इतका नीटनेटका. प्रवेश सोमवारी सुरू होणार होते, प्रवेशाच्या अ‍ॅपची नवी आवृत्ती तयार होती, आणि नेमका नवा करार येऊन पडल्यामुळे ती दारात अडकली होती. संचालकांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"म्हणजे अख्ख्या विद्यापीठाची अ‍ॅप एका निवृत्त गृहस्थांच्या फोनवर उभी आहेत?"

"उभी आहेत ना? पडली तर नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

"उद्या त्यांना काही झालं तर?"

"काही होत नाही त्यांना."

"मॅडम, मी शाप देत नाहीये, शक्यता विचारतोय." त्यांनी पेन सरळ केलं, जे आधीच सरळ होतं. "या वेळी करार मान्य करून घ्या, आणि तिथेच बसून खातेदारपद तुमच्या नावावर करून घ्या. त्यांना खात्यातून मोकळं करा. नियमाप्रमाणे बाहेरचा माणूस आत नको. हा नियम तुमचाच आहे ना?"

संचालक माझ्याकडे वळले. "तुम्ही सोबत जा. झालं की मला फोन करा."

असा मी सरकारी हेर झालो.

बसमध्ये सासूबाई मांडीवर लॅपटॉपची पिशवी आणि तिच्यावर बिस्किटांचा पुडा घेऊन बसल्या होत्या. पुडा चुरगळू नये म्हणून तो दोन्ही हातांनी धरला होता.

"तू तिथे तोंड उघडायचं नाहीस."

"बरं."

"मी विचारीन. माझ्या पद्धतीने."

"तुमची पद्धत काय, ताई?"

"आधी वाचन होऊ दे," त्या म्हणाल्या, आणि उरलेला रस्ताभर खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दार काकूंनी उघडलं. काकू म्हणजे मोठ्या सरांच्या पत्नी. "आलीस बाई एकदाची! सकाळपासून तीनदा विचारून झालं, बस चुकली असेल का म्हणून. एरवी दाढी करा म्हटलं की अंगावर येतात, आज बघ." सर मागे उभे होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, आणि हनुवटीवर कापलं होतं तिथे कागदाचा बारीक कपटा चिकटवलेला. जेवणाचं टेबल रिकामं करून पुसून ठेवलं होतं. त्यावर दोन चष्मे, एक पेन्सिल, आणि घडी घातलेल्या रुमालावर तो फोन.

त्या फोनबद्दल मी फक्त ऐकलं होतं. बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलं होतं, ते रबरबँडने आवळून बसवलेलं. चार्जरची वायर काढली की तो प्राण सोडायचा, म्हणून भिंतीपासून टेबलापर्यंत वायर ताणलेली आणि तिच्यावरून घरातले सगळे सवयीने पाय उचलून चालत होते.

"सुनेने नवा फोन आणते म्हटलं," काकू म्हणाल्या, "तर म्हणाले, याला हात लावायचा नाही, यावर विद्यापीठाचा कोड येतो. वर्षातून एकदा येतो तो कोड. उरलेलं वर्ष मी ही वायर ओलांडते."

मग वाचन सुरू झालं. असले करार जगात कोणी वाचत नाही. सगळे सर्रकन खाली जातात आणि 'मान्य' दाबतात. सर मात्र पहिल्या ओळीपासून वाचतात. मोठ्याने, प्रत्येक कलमाचा मराठीत अर्थ लावत, शंका काढत. आणि सासूबाईंनी मध्ये मध्ये भांडायचं, असा रिवाज.

"कलम सात. 'कंपनी कोणत्याही वेळी, कोणतंही कारण न देता, यातली कुठलीही अट बदलू शकेल.' काय गं, हे मागच्या वर्षीही होतं?"

"होतं, सर."

"आणि आपण मान्य केलं?"

"तुम्हीच केलंत."

"मी हरकत नोंदवली होती."

ते खरं होतं. सर दरवर्षी कलम सातवर हरकतीचा मेल कंपनीला पाठवत. उत्तर यायचं, तेही मशीनने धाडलेलं: आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. सर म्हणायचे, "दखल घेतली त्यांनी."

आज मात्र ठरलेल्या जागी सासूबाई भांडल्या नाहीत. आठवं कलम गेलं, नववं गेलं. सर वाचता वाचता थांबले.

"आज तू भांडत नाहीयेस."

"पटतंय सगळं."

"कलम सात पटलं? तुला?"

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "तब्येत बरी आहे ना गं?"

मी पंख्याकडे बघत बसलो. अखेर करार संपला, फोन थरथरला, सरांनी चष्मा बदलून एक एक आकडा परीक्षेचा निकाल सांगावा तसा वाचला, आणि 'मान्य' झालं. प्रवेशाचं अ‍ॅप सुटलं. आता खरा विषय निघणार म्हणून मी सावरून बसलो. तर सासूबाईंनी काकूंच्या गुडघ्याची चौकशी केली. मग सुनेच्या नोकरीची. मग पाणी किती वेळ येतं त्याची. चहा झाला, बिस्किटं झाली, दुसरा चहा आला. ताकाला जाऊन भांडं लपवणं कशाला म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

एवढ्यात माझा फोन वाजला. संचालक.

"झालं का?"

"चालू आहे, सर," मी हळूच म्हणालो आणि फोन खिशात टाकला.

"कोणाचा रे?" मोठ्या सरांनी विचारलं.

"घरून."

"घरच्यांना 'सर' म्हणतोस?"

सासूबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला आखूड पायाची खुर्चीच बरी वाटली असती. सरांनी चष्मा काढून रुमालावर ठेवला.

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे माझी पाठवणी करायला आलात."

सासूबाई मान खाली घालून बिस्किटाचे चुरे बोटाने गोळा करत होत्या. घरात त्यांच्या अंगावर स्वेटर नव्हता. स्वेटरशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. बाई एवढीशी दिसत होती.

"मी सांगणारच होते, सर."

"केव्हा?"

"तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षी."

काकूंना हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. सर मात्र हसले नाहीत.

"संचालक म्हणाले," सासूबाईंनी कसंबसं पुढे रेटलं, "की उद्या तुम्हाला…"

"बरोबर म्हणाले. त्या खुर्चीत मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, आणि वर तुला रागावलो असतो. वेडी की खुळी तू? अख्खं विद्यापीठ याच्या भरवशावर ठेवलंस?" त्यांनी फोन उचलला. वायर निघाली, पडदा काळा झाला. त्यांनी मुकाट्याने वायर पुन्हा लावली.

"तुम्हीही कधी बोलला नाहीत."

"मी कशाला बोलू? घरी येणाऱ्या माणसाला येऊ नकोस म्हणून कोणी सांगतं का?"

सर रबरबँड ताणत होते आणि सोडत होते. मग एकदम ताठ बसले.

"मग विचार ना. पोरांना विचारतेस ते."

"असू दे, सर."

"का? मला सवलत? नियम तू केलेस ना? विचार."

सासूबाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"आत काही राहिलंय का?"

"राहिलंय. माझी झाडं."

हे खरंच खात्यात होतं. निवृत्तीच्या आधी सरांनी एक अ‍ॅप केलं होतं. विद्यापीठाच्या आवारातलं प्रत्येक झाड, त्याचा फोटो, त्याचं नाव, फुलण्याचा काळ. वापरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातलं एक बोट काकू. सर खात्यातून गेले की या अ‍ॅपला पालक उरणार नव्हता, आणि बिनपालकाचं अ‍ॅप सासूबाईंच्याच नियमाने बाहेर जाणार होतं.

"तुमच्यामागे कोण बघणार?" सासूबाईंनी विचारलं.

सर खिडकीबाहेर बघू लागले. सासूबाई माझ्याकडे बघू लागल्या. मला तोंड उघडायची मनाई होती, पण आता न उघडणं शक्यच नव्हतं.

"मी बघतो," मी म्हणालो. माझी नोकरी आता कायम झाली होती, म्हणजे पालक म्हणून मी चालत होतो.

सर वळले. "तुला झाडांतलं कळतं?"

"गावाकडचा आहे, सर."

"गावाकडच्यांना झाडं कळतात असा शहरातल्यांचा गैरसमज आहे. सांग, संगणक केंद्रासमोर काय आहे?"

मी खूप आठवून पाहिलं. "सावली," मी म्हणालो.

सरांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "चालेल. निदान थापा मारत नाही."

तिसरा प्रश्न राहिला होता. तो विचारण्याआधीच काकूंनी उत्तर दिलं, "होतं गं जेवण वेळेवर. मी आहे तोवर होणारच. औषध तेवढं वेळेवर होत नाही, ते लिहून घे."

सरांनी स्वतः बटणं दाबली. पुन्हा कोड यायचा होता आणि नेमका तेव्हाच फोनला नेटवर्क सापडेना. काकूंनी चार्जर एका लांब वायरला जोडला आणि फोन घेऊन गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. तिथे म्हणे येतं. आलं. त्यांनी तिथूनच आकडे खणखणीत आवाजात सांगायला सुरुवात केली.

"अगं हळू! सगळ्या गल्लीला कळेल!"

"कळू दे! आता कुठे ते तुमचं राहिलंय!"

बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच लागलं. आत आल्या, फोन रुमालावर ठेवला, आणि सरांच्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं. आम्ही निघालो तेव्हा सर दारापर्यंत आले नाहीत. टेबलाशीच बसून होते.

कंपनीने आपल्या पद्धतीने तपासणी केली आणि काही दिवसांनी सासूबाईंचं नाव मुख्य खातेदार म्हणून लागलं. संचालकांनी अभिनंदन केलं. सासूबाई खोलीत आल्या, स्वेटर चढवला आणि डबा न उघडताच बसून राहिल्या. दुपारी आईचा नेहमीचा फोन आला, टीव्हीचा रिमोट सापडत नाही म्हणून. एरवी त्या, "अगं, तुझ्याच उशीखाली असेल!" असं ओरडतात, आई कमी ऐकते म्हणून ओरडावंच लागतं. त्या दिवशी त्यांनी हे इतक्या हळू सांगितलं की आईने विचारलं, "दुकानात गिऱ्हाईक आहे का?"

असे काही दिवस गेले. मी सरांच्या झाडांचं अ‍ॅप उघडून संगणक केंद्रासमोरच्या झाडाचं नाव पाठ केलं. मग एका सकाळी सासूबाईंनी मला हाक मारली.

"प्रवेशाच्या अ‍ॅपची पुढची आवृत्ती तपासायला कोण आहे?"

"आपणच."

"आपण आपल्याच स्वयंपाकाला नावं ठेवू का?"

मला उमगेना. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. अ‍ॅप दुकानात मांडण्याआधी बाहेरच्या माणसांना वापरून बघायला देता येतं. त्यांना खात्यात घ्यावं लागत नाही, ते विद्यापीठाचे असावे लागत नाहीत. मेलचा पत्ता असला की पुरे. चाचणी करणाऱ्यांची ती रिकामी जागा सासूबाईंनी उघडली होती, आणि पहिलाच पत्ता लिहिला होता मोठ्या सरांचा. एकाच नव्हे, प्रत्येक अ‍ॅपसाठी.

"नियमात बसतं," त्या म्हणाल्या. "मी पाहिलं. सगळा करार वाचलाय मी. दरवर्षी."

जुन्या फोनवर हे चालेना, म्हणून काकूंनी एका दुपारी सरांना दुकानात नेऊन नवा फोन घ्यायला लावला. भिंतीपासूनची वायर गेली. रबरबँड बिस्किटांच्या पुड्याला लागला. आणि त्यानंतर आमच्या केंद्राची जी दैना सुरू झाली ती अजून चालू आहे.

सर आठवड्यातून तीन-चार मेल पाठवतात. 'पुढे' हे बटण अंगठ्याखाली येत नाही, आणि माझा अंगठा सर्वसाधारण आहे. जन्मवर्ष निवडताना माझ्या वयाच्या माणसाला मागे सरकता सरकता घाम फुटतो, म्हाताऱ्यांनी प्रवेश घेऊच नये असं विद्यापीठाने कधी ठरवलं? 'काहीतरी चुकलं' असा संदेश येतो, काय चुकलं ते कोण सांगणार, माझे वडील? मेल आला की आमच्याकडची पोरं डोक्याला हात लावतात. संचालकांनी पहिल्या दोन मेलवर कपाळाला आठ्या घातल्या, तिसऱ्यानंतर ते स्वतःच विचारायला लागले, "सरांचं काही आलं का?"

परवा त्यांचा मोठा मेल आला. प्रवेशाचं अ‍ॅप उघडलं की आधी आमच्या अटी मान्य कराव्या लागतात. त्या कोणीच वाचत नाही, आमच्यापैकीही कोणी वाचल्या नव्हत्या. सरांनी वाचल्या. त्यातलं कलम सात होतं: विद्यापीठ कोणत्याही वेळी, कोणतंही कारण न देता, यातली कुठलीही अट बदलू शकेल.

संचालकांनी सगळ्यांना बोलावलं. हे कोणी लिहिलं? कोणीच लिहिलं नव्हतं. कुठूनतरी उचलून चिकटवलेलं होतं. संचालक मेल पुन्हा एकदा वाचून म्हणाले, "ते म्हणतात ते खरं आहे. प्रवेश घेणाऱ्या मुलाला आपण असं कसं सांगायचं? काढून टाका."

सासूबाई खोलीत आल्या. स्वेटरच्या बाह्या वर सारल्या आणि फोन स्पीकरवर लावला.

"सर, तुमची हरकत मान्य झाली. कलम सात काढलं."

पलीकडे खुर्ची सरकली.

"सगळं?" सरांनी विचारलं.

"सगळं."

घसा खाकरल्याचा आवाज आला. "म्हणजे आठवं आता सातवं झालं असेल. ते वाचलंस का? त्यातही गडबड आहे."

"वाचते, सर."

"मोठ्याने वाच. तू भांड, मी ऐकतो."

"वाचते. आधी सांगा, जेवलात का?"

"जेवलो."

मागून काकू ओरडल्या, "औषध विचार!"